येलोस्टोनची भीती आणि बोरीची राख

संपादक साहेब,

सध्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकेतल्या येलोस्टोनचा सुपरव्होल्कॅनो, म्हणजे महाकाय ज्वालामुखी, फुटणार, जग संपणार असले मेसेज सारखे फिरतायत आणि लहान मुलं खरंच घाबरतात हो, माझी नात झोपताना विचारते आजी, राख पुण्यापर्यंत येईल का. तिथले महाउद्रेक झाले साधारण २१ लाख, १३ लाख आणि ६.४ लाख वर्षांपूर्वी, आणि अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या अंदाजाने दरवर्षीची शक्यता जेमतेम ७.३ लाखांत एक आहे, त्यामुळे "आता वेळ भरली" या म्हणण्याला काही अर्थच नाही, ज्वालामुखी ठरलेल्या वेळेला फुटत नसतात.

पण म्हणून विषयच सोडून द्यायचा हेही मला पटत नाही. राख आपल्याकडे येऊन गेलीये! जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठावर मातीच्या थरांत ती दिसते, पांढुरकी, पिठासारखी बारीक, आणि ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानतात, फक्त ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून जुन्या यावर संशोधकांचं एकमत नाही. आणि १८१५ चा इंडोनेशियातल्याच तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक तर सुपरव्होल्कॅनोएवढा मोठाही नव्हता, तरी पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही, पिकं गेली, लोक उपाशी राहिले. खरा धोका लाव्ह्याचा नाही, धान्याचा आहे, त्यावर कुणी मेसेज पाठवत नाही.

शाळांनी एक सहल बोरीला न्यावी, आणि तो थर कुणी उकरून नेण्याआधी नीट जपावा एवढीच कळकळीची विनंती.

– एक आजी, कोथरूड, पुणे