‘हरित’ म्हणता, मग आकडाही छापा

महोदय,

पर्वरीत नव्या गृहप्रकल्पांच्या फलकांवर ‘हरित इमारत’ हे शब्द सर्रास दिसतात. त्यांवर विसंबूनच निवृत्तीनंतर आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. माहितीपत्रकात सौर दिवे होते, पावसाचे पाणी साठवण्याची सोय होती. भिंतींतून ऊन किती आत येणार, याबद्दल अवाक्षर नव्हते आणि मलाही ते विचारायचे सुचले नाही.

हॉलची पश्चिम बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही. रात्री दहालाही भिंत हाताला कोमट लागते. वीज गेली की आम्ही दोघे जिन्यात येऊन बसतो.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ ही ऊर्जाबचतीची नियमावली आणली. तिच्यानुसार गोव्यासारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या दार-खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा हवे. मी टेप घेऊन मोजले. आमचे चटईक्षेत्र ७२० चौरस फूट, म्हणजे १२० फूट हवे होते. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, त्यामुळे बेरीज भरली ५४. एवढी काच, आणि वाऱ्याला वाट नाही! छत वगळता भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेलाही संहितेने मर्यादा घातली आहे: दर चौरस मीटरला १५ वॉट. एखाद्या इमारतीचा हा आकडा नकाशा आणि बांधकाम साहित्याच्या तपशिलावरूनच काढता येतो.

डिचोलीतले माझे माहेर चिऱ्यांचे, मंगळुरी कौलांचे, मध्ये राजांगण, म्हणजे घराच्या आतले उघडे अंगण. छप्पर इतके पुढे आलेले, की भिंतीला ऊन लागतच नसे. फ्लॅटला राजांगण मागणे वेडेपणाचे, हे मला कळते. पण पश्चिमेचे ऊन तिरपे येते, त्याला नुसता छज्जाही पुरत नाही. काचेच्या बाहेरून झडपा हव्यात. तेवढे तर करता येईल?

२०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने मोठ्या निवासी इमारतींनाही अशी संहिता सक्तीची करण्याची वाट मोकळी केली. गोव्याला लागणारी वीज बहुतेक बाहेरून येते, म्हणून आपण तर घाई करायला हवी. माझी मागणी साधी आहे: रेराच्या (स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) नोंदणीत आणि माहितीपत्रकात, चटईक्षेत्राच्या शेजारीच, उघडणाऱ्या दार-खिडक्यांचे प्रमाण आणि भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता हे दोन आकडे छापणे सक्तीचे करा.

तोवर फ्लॅट पाहायला जाणाऱ्यांनी टेप सोबत न्यावी, आणि दुपारी चारला जावे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, पर्वरी