कोयत्याने राखलेले रान

बरी सेंट एडमंड्स, सफोक, इंग्लंड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वनखात्यातून निवृत्त झालास तरी तुझे प्रश्न अजून वनक्षेत्रपालाचेच आहेत, हे वाचून मनापासून आनंद झाला. ज्या रानात दर हिवाळ्याला तोड चालते, त्याला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र कसे म्हणतात, असे तू विचारले आहेस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखे ते नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे. थोडक्यात उत्तर असे, की ते रान तोडीमुळेच टिकले आहे. पण हे नुसते विधान तुला पटणार नाही, म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

या रानाला ब्रॅडफिल्ड वुड्स म्हणतात. आमच्या शहरापासून आग्नेयेला सुमारे ११ किलोमीटरवर, फेल्शम, गेडिंग, ब्रॅडफिल्ड सेंट जॉर्ज आणि ब्रॅडफिल्ड सेंट क्लेअर या लहान गावांच्या मधोमध ते उभे आहे. क्षेत्र जेमतेम ७० हेक्टर, म्हणजे पावणेदोनशे एकरांच्या आतबाहेर. तुझ्या एका कंपार्टमेंटएवढेसुद्धा ते भरणार नाही. चहूबाजूंनी गव्हाबार्लीची सपाट शेते आहेत. जमीन हिमनदीने सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी आणून टाकलेल्या चिकणमातीची, चुनखडीचे खडे मिसळलेली. मात्र काही भागात तिच्यावर वालुकामय, आम्लधर्मी मातीचा थर आहे. त्यामुळे चुना मानवणाऱ्या आणि चुना न मानवणाऱ्या वनस्पती इथे हाकेच्या अंतरावर वाढतात. एवढ्याशा रानात साडेतीनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींची नोंद आहे, त्याचे एक कारण ही माती आणि दुसरे कारण तोड.

मध्ययुगात हे रान बरी येथील बेनेडिक्टीन पंथाच्या ख्रिस्ती संन्याशांच्या मठाच्या मालकीचे होते. ज्या राजाच्या नावाने हे शहर ओळखले जाते, त्या संत एडमंडचा तो मठ. इंग्लंडमधल्या श्रीमंत मठांपैकी तो एक होता आणि त्याला सरपण, कुंपणाच्या काठ्या आणि बांधकामाचे लाकूड अखंड लागे. रानाच्या एका भागाला अजूनही मंक्स पार्क, म्हणजे संन्याशांचे उद्यान, म्हणतात. इथल्या तोडीच्या नोंदी १२५२ पासूनच्या आहेत. देवगिरीवर यादवांचे राज्य होते तेव्हा या रानात वासे कापले जात होते, आणि गेल्या हिवाळ्यातही कापले गेले. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बरखास्त झाला, मालक बदलले, पण तोडीचे चक्र थांबले नाही. रानाच्या कडेने जुना मातीचा बांध आणि त्याच्या बाहेर चर आहे. आतल्या कोवळ्या फुटव्यांपर्यंत गावची गुरे पोहोचू नयेत म्हणून तो घातलेला. बांध आता झिजून बसका झाला आहे, तरी त्यावर उभे राहिले की एका बाजूला नांगरलेले शेत आणि दुसऱ्या बाजूला मध्ययुगातली तीच हद्द स्पष्ट दिसते.

तोडीची पद्धत तुला नव्याने सांगायला नको. रानाचे कूप, म्हणजे तोडीचे विभाग, पाडलेले आहेत, दर हिवाळ्यात पाळीपाळीने त्यांतले थोडे तोडायचे आणि साधारण २० ते २५ वर्षांनी पुन्हा त्याच कुपात यायचे. ओकची काही झाडे मोठ्या लाकडासाठी राखायची आणि त्यांच्याखाली हेझल, ॲश, आल्डर, मेपल यांचे खुंट फुटू द्यायचे. मी स्वयंसेवकांबरोबर या कामाला जातो, त्यामुळे जवळून पाहिलेले सांगतो. घाव खुंटाला अगदी लागून आणि बाहेरच्या बाजूला उतरता घालावा लागतो, म्हणजे पावसाचे पाणी वाहून जाते आणि खुंट कुजत नाही. वरून सपाट कापलेल्या खुंटावर पाणी साचते, तिथे आधी काळपट डाग पडतो, मग भुसभुशीत कूज आत उतरते. नीट कापलेल्या हेझलच्या खुंटाला वसंतात सालीच्या कडेतून तांबूस कोंब फुटतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते पुरुषभर उंच होतात. त्या वेगामागे वरच्या काठ्यांचे बळ नसते, खाली शतकानुशतके पसरलेल्या मुळांचे असते.

या रानात ॲशचे काही खुंट असे आहेत, की त्यांना एक झाड म्हणावे की झाडांचे कोंडाळे, हेच कळत नाही. दर तोडीनंतर खुंट थोडा बाहेर पसरतो, मधला भाग कुजून जातो आणि शेवटी शेवाळलेल्या लाकडाचे तुटक कडे उरते, ज्याच्या परिघावर ताजे, सरळ वासे उभे असतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्याचा व्यास साडेपाच मीटरांच्या आसपास आहे आणि वय किमान १,००० वर्षे असावे, असा अंदाज आहे. न तोडलेला ॲश साधारण दोनशे वर्षांत म्हातारा होऊन कोसळतो. म्हणजे ज्या झाडावर वर्षानुवर्षे घाव घातले, तेच झाड जगून राहिले. तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला एवढा एकच खुंट दाखवता आला असता, तरी पुरे झाले असते.

आता गावांविषयी लिहितो, कारण गावांवाचून या रानाची गोष्ट निम्मीच राहते. सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड नाही. चर्चच्या भिंती शेतात सापडणाऱ्या गारगोट्यांच्या आहेत आणि जुनी घरे ओकच्या चौकटींची. त्या चौकटींच्या मधल्या भिंती म्हणजे चक्क कूड आहेत: हेझलच्या काठ्या विणायच्या, त्यांवर चिखल, शेण आणि पेंढा यांचा गिलावा थापायचा आणि वरून चुना द्यायचा. आपल्याकडे मावळात कारवीचा कूड घालतात, त्यात आणि यात मला रीतीचा काहीही फरक दिसला नाही. या जिल्ह्यातल्या स्टँटन गावच्या एका मध्ययुगीन घराच्या लाकडांचा हिशेब केंब्रिजच्या ऑलिव्हर रॅकहॅम या वनस्पतीशास्त्रज्ञांनी मांडला होता. त्यात तीनशेहून अधिक ओक लागले होते आणि त्यांतले बरेचसे वीतभर जाडीचे. त्या काळच्या सुतारांना महावृक्ष नको होते, हाताने उचलता येतील अशी लहान झाडे हवी होती आणि अशाच रानांतून ती मिळत.

छपरांचेही तसेच आहे. इथली शाकारणी गव्हाच्या काडाची किंवा बोरूची असते आणि ते थर जागच्या जागी धरून ठेवायला हेझलच्या चिरफळ्या लागतात. हातभर लांबीची काठी उभी चिरायची, दोन्ही टोकांना धार काढायची, मध्यावर पीळ देऊन ती दुमडायची आणि आकड्यासारखी छपरात ठोकायची. पीळ न देता दुमडली तर ती मोडते. पीळ दिला की तंतू सुटे होतात आणि ती वाकते. एका घराला अशा हजारो लागतात. जवळच्या लिटल व्हेल्नेथम गावात दाताळ्यांचा कारखाना होता, तिथे विसाव्या शतकातही याच रानातल्या ॲशच्या वाशांपासून गवत ओढायची दाताळी आणि लांब विळ्यांचे दांडे तयार होत. वासे वाफेवर मऊ करून हवा तसा बाक देत. बाकी लाकूड घेवड्याच्या वेलांना आधाराच्या काठ्या, मेंढ्यांच्या वाड्याच्या ताट्या, कुंपणाच्या मेखा आणि चुलीचे सरपण म्हणून गावोगाव जाई. कापलेल्या मालाला इतके हक्काचे गिऱ्हाईक असल्यावर रान मोडून तिथे शेत करावे, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

पश्चिमेला ब्रॅडफिल्ड कंबस्ट नावाचे आणखी एक गाव आहे. १३२७ मध्ये बरीच्या नागरिकांनी मठाविरुद्ध उठाव केला, तेव्हा मठाची इथली गढी जाळली गेली आणि त्यावरून गावाला कंबस्ट, म्हणजे जळित, हे नाव पडले, असे सांगतात. त्याच गावात आर्थर यंग (१७४१ ते १८२०) राहत असे आणि तिथल्या चर्चच्या आवारात त्याला पुरले आहे. शेतीसुधारणेवर लिहिणारा तो त्या काळचा युरोपभर वाचला जाणारा लेखक. गायरानांना कुंपणे घालून ती लागवडीखाली आणावीत असा त्याचा आग्रह होता आणि पुढे त्याच कुंपणांमुळे गरिबांची गाय गेली, हे त्याने स्वतःच कळकळीने लिहिले. त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर हे रान त्या सगळ्या सुधारणांच्या काळातही उभे राहिले, हे मला महत्त्वाचे वाटते.

खरा घाला विसाव्या शतकात आला. सरपणाची जागा दगडी कोळशाने आणि तेलाने घेतली, हेझलच्या काठीची जागा तारेने आणि प्लास्टिकने. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी धोरण धान्य वाढवण्याचे होते आणि बुलडोझर हाताशी आले होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंक्स पार्कचा मोठा भाग खुंटांसकट, मुळांसकट उपटून नांगराखाली आणला गेला. आठवून पाहा, सातशे वर्षे कुऱ्हाडीने जे झाले नव्हते, ते नांगराने काही मोसमांत झाले. उरलेल्या रानासाठी आसपासच्या लोकांनी आवाज उठवला, रॅकहॅम यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचे मोल पटवून दिले आणि १९७० मध्ये निसर्ग राखीव क्षेत्रांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने ते विकत घेतले. आता सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट त्याची देखभाल करते. रॅकहॅम स्वतः सफोकमधल्या बंगे गावी जन्मलेले. झाड तोडल्याने रान मरत नाही, ते उपटून नांगरल्याने मरते, हा मुद्दा त्यांनी २०१५ मध्ये निधन होईपर्यंत सोडला नाही. नव्या मालकांनी रानाला कुलूप न लावता तोडीचे चक्र चालू ठेवले, हा मला त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

त्याचे फळ एप्रिलमध्ये दिसते. कूप तोडला की जमिनीवर ऊन पोहोचते आणि वर्षानुवर्षे सावलीत तग धरून राहिलेली रोपे दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात एकदम फुलावर येतात. त्यांत ऑक्सलिप नावाचे फिकट पिवळे फूल आहे. एका दांडीवर दहा-वीस फुले येतात आणि सगळी एकाच बाजूला झुकतात. ब्रिटनमध्ये ते जवळजवळ फक्त या पूर्वेकडच्या चिकणमातीच्या जुन्या रानांत सापडते आणि शेजारच्या नव्या लागवडीत सहसा पाऊल टाकत नाही. कूप पाच ते दहा वर्षांचा होऊन दाट झाला की ती जागा नाइटिंगेलला आवडते. पश्चिम आफ्रिकेतून हे पक्षी एप्रिलच्या मध्याला येतात. गेल्या ५० वर्षांत ब्रिटनमधली त्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली आहे आणि असे दाट कूप नाहीसे होणे हे त्याचे एक कारण आहे. हेझलच्या फळांवर जगणारा डॉरमाऊस हा उंदरासारखा छोटा प्राणी मात्र क्वचितच दिसतो. त्याचा शोध घ्यावा लागतो तो जमिनीवर पडलेल्या कवचांवरून. खारीने फळ फोडले तर त्याचे दोन तुकडे होतात. डॉरमाऊसने खाल्लेल्या कवचाला गोल भोक असते, त्याची आतली कड बोट फिरवले तर घोटल्यासारखी गुळगुळीत लागते आणि बाहेरून दातांच्या तिरप्या खुणा असतात. अशी कवचे आम्ही भिंगाखाली निवडत बसतो, आणि एखादे मिळाले की तो कूप पुढच्या वर्षी कसा तोडायचा, याचा विचार बदलतो.

चिंता दोन आहेत आणि त्या तुझ्यापाशी मोकळेपणाने मांडतो. पहिली ॲश डायबॅक या रोगाची. पूर्व आशियातून आलेली ही बुरशी ब्रिटनमध्ये प्रथम २०१२ मध्ये सापडली आणि त्याच वर्षी आमच्या शेजारच्या नॉरफोकच्या रानात दिसली. गळलेल्या पानांच्या देठांवर ती वाढते, उन्हाळ्यात तिचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात, आणि फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. मोठे झाड काही वर्षे झुंजते, पण तोडलेल्या खुंटाचे कोवळे फुटवे लवकर बळी पडतात. म्हणजे हजार वर्षे ज्या उपचाराने हे ॲश जगले, तोच उपचार आता त्यांना धोक्याचा झाला आहे. काही झाडे रोगाला दाद देत नाहीत असे दिसते, आणि त्यांच्या बियांवर सगळ्यांची आशा आहे.

दुसरी चिंता हरणांची. तुझ्या भेकराचा एक चिनी भाऊबंद, मुंटजॅक, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या उद्यानात आणला गेला. तिथून तो सुटला, काही ठिकाणी सोडलाही गेला, आणि आता पूर्व इंग्लंडभर पसरला आहे. त्याला ऑक्सलिपची फुले आवडतात आणि हेझलचे कोंबही. नव्याने तोडलेल्या कुपाभोवती आम्ही फांद्यांच्या शिऱ्या रचून कुंपण करतो, काही ठिकाणी जाळीही लावावी लागते. तरी एका रात्रीत तो शिरला, तर पन्नास खुंटांचे शेंडे खुडलेले दिसतात. दोन-तीन वर्षे सतत खुडले गेले तर जुना खुंटसुद्धा हार मानतो.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. तुझ्या परिक्षेत्रात तोडलेल्या कुपात चराईबंदी असे, आणि गावकऱ्यांशी बोलून, चर खणून, काटे लावून तू फुटवे कसे राखत होतास, हे मला नीट लिहून पाठव: बंदी किती वर्षांची असे, कुंपणाला कोणत्या जातीचे काटे टिकत, आणि रानात वावरणाऱ्या भेकराचा, सांबराचा बंदोबस्त कसा केलास. इथल्या कामाच्या प्रमुखांना मी तुझ्याविषयी सांगितले आहे आणि त्यांना ते वाचायचे आहे. मी भाषांतर करून देईन. पुढच्या तोडीचे कूप सप्टेंबरमध्ये ठरतात, त्याआधी पत्र आले तर उपयोग होईल.

वहिनींना माझा नमस्कार सांग आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जिवलग मित्र