धरणाच्या पाण्यात जाळ्यांची रीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात जाळी कापल्याच्या तक्रारी अधूनमधून पोलीस ठाण्यापर्यंत जातात आणि 'मासेमारांच्या दोन गटांत वाद' अशा मथळ्याने छापून येतात. प्रत्यक्षात गट वगैरे क्वचितच असतो. अंधारात न दिसलेले एक जाळे, त्याच्यावर पडलेले दुसरे, आणि पहाटे घाईत चालवलेला विळा, इतकाच बहुतेक वेळा मामला असतो.

मामा तलावावर, म्हणजे गावच्या जुन्या माजी मालगुजारी तलावावर, ही अडचण येत नाही. तलाव एका गावाचा, ठेका एका संस्थेचा, मासोळ्या काढायचा दिवस ठरलेला आणि सगळे डोंगे (लहान होड्या) तलावाच्या एकाच बांधावरून निघणारे. गोसीखुर्दचे पाणी मात्र पवनीजवळच्या धरणापासून वर भंडाऱ्यापर्यंत आणि अंभोऱ्याच्या संगमापर्यंत चढते. पवनी, भंडारा आणि पलीकडच्या कुही तालुक्यातले लोक त्याच पाण्यात उतरतात. समोरच्या डोंग्यातला माणूस कोणत्या गावचा, हेही माहीत नसते. म्हणून गावात न बोलता पाळली जाणारी रीत इथे उघड बोलून ठरवावी लागेल.

पहिली गोष्ट खुणेची. संध्याकाळी लावलेले तंगूसचे (नायलॉनच्या धाग्याचे) जाळे पहाटे उचलेपर्यंत पाण्यात असते आणि त्याचा मालक घरी झोपलेला असतो. त्याच्या वतीने बोलते ती फक्त खूण. वरच्या दोराला थर्माकोलचे तुकडे असतात, पण ते बोटभर उंच. हातभर लाट आली की दिसत नाहीत. दोन्ही टोकांना पाच लिटरचा पांढरा डबा हवा. खोल पाण्याकडच्या टोकाला डब्यासोबत बांबूची काठी आणि तिच्यावर चिंधी हवी, काठीला चमकणारी पट्टी गुंडाळली तर टॉर्चच्या उजेडात ती लांबून दिसते. डब्यावर गावाचे नाव व डोंग्याचा क्रमांक ऑइलपेंटने लिहावा. तळाशी बसवलेल्या जाळ्याला टोकाशी दोन डबे बांधावेत, म्हणजे वरून जाणाऱ्याला कळते की इथे इंजिन बंद करायची गरज नाही. एकाच टोकाला खूण ठेवणारे बरेच आहेत. त्यांचे जाळे कुठल्या दिशेला पसरले आहे, हे देवालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट, उशिरा येणाऱ्याने जागा सोडायची. आधी लावलेल्या जाळ्याला आडवे जाळे टाकू नये. समांतर टाकावे आणि मधे निदान एका जाळ्याच्या लांबीएवढे अंतर ठेवावे. शंभर मीटरच्या जाळ्याला हे अंतर जास्त वाटते, पण वारा सुटला की टोकाचा दगड सरकतो आणि मधले पोट फुगून बाजूला जाते. उन्हाळ्यात पाणी उतरले की इतके अंतर मिळत नाही. तेव्हा अंतर कमी करण्यापेक्षा जाळे आखूड लावावे. कोणाच्या जाळ्याच्या तोंडाशी बांबूने पाणी झोडपून मासोळ्या आपल्याकडे हाकणे तर सरळ हिसकावणेच आहे.

जाळे ओलांडायची वेळ आली तर शक्यतो टोकाला वळसा घालून जावे. तसे जमत नसेल तर काटकोनात यावे, इंजिन बंद करून वर उचलावे, थर्माकोलच्या दोन तुकड्यांच्या मधोमध वल्ह्याने वरचा दोर खाली दाबावा आणि डोंगा अलगद पलीकडे सरकवावा. इंजिनवाल्यांनी निदान स्वतःच्या नफ्यासाठी तरी हे पाळावे. पंख्यात शिरलेला तंगूस दांड्यावर पंख्याच्या मागे गुंडाळला जातो आणि ऑइलसील कापतो. मग गिअरचे तेल गळते, आत पाणी शिरते, आणि महिन्याभराने गिअरबॉक्स गेल्यावर कंपनीला शिव्या दिल्या जातात. तंगूस अडकलाच तर इंजिन उलटे फिरवून ओढू नका. बंद करा, पंख्याची पिन व नट काढा, पंखा उतरवा आणि दांड्यावरचा धागा हाताने सोडवा.

आता खरे भांडणाचे कारण, म्हणजे गुंतलेली जाळी. वर असलेले जाळे नंतर पडलेले असते; ते आधी उचलायचे. खालच्याने आपले ओढायला सुरुवात केली की दोन्हींना पीळ पडतो आणि मग विळ्याशिवाय सुटत नाही. आधी दोन्ही जाळ्यांतल्या मासोळ्या काढून ज्याच्या त्याच्या डोंग्यात टाका. मोठा कतला मासा धडपडताना स्वतःभोवती दोन्ही जाळी गुंडाळतो, निम्मी गाठ त्याचीच असते. मग नंतर आलेल्याने आपल्या वरच्या दोराचे टोक सोडावे, दुसऱ्याच्या दोराखालून ओवून पलीकडे काढावे आणि पुन्हा बांधावे. हाच प्रकार खालच्या शिशाच्या दोराचा. कापणे अटळ असेल तर आपल्याच जाळ्याची चार-सहा घरे कापा, दोर कधीही नाही. घरे सुईने तासाभरात विणता येतात. वरचा दोर तुटला की जाळे तळाला जाऊन बुडालेल्या झाडांच्या खुंटांत अडकते. तंगूस पाण्यात कुजत नाही. असे तुटके जाळे वर्षानुवर्षे मासोळ्या मारत राहते आणि त्या कोणाच्याच पाटीत येत नाहीत. म्हणून कापलेला तुकडा काठावर आणलाच पाहिजे.

मालक नसताना दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावायचा नाही, यात एकच अपवाद आम्ही मानतो: जलपर्णी. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते, त्यावर ही हिरवी सतरंजी पोसली जाते. वाऱ्यावर सुटलेला तिचा एक थर जाळ्यावर येऊन बसला तर जाळे, दगड, डबे सगळे ओढत नेतो आणि वाटेतली आणखी जाळी गोळा करतो. अशा वेळी दिसेल त्याने जाळ्याचे एक टोक सोडावे. जाळे दुसऱ्या टोकाभोवती फिरते आणि थर निघून जातो. सोडलेले टोक जवळच्या खुंटाला बांधून डब्यावरच्या गावाला निरोप द्यावा. डब्यावर नाव असावे असे वर म्हटले, ते यासाठीही. त्या जाळ्यातली मासोळी मात्र तिथेच राहू द्यावी, मेलेली असली तरी.

पावसाळ्यात धरणाचे 33 दरवाजे उघडू लागले की धरणाजवळच्या भागात ओढ वाढते आणि हलक्या दगडांची जाळी भिंतीकडे सरकत जातात. सावधगिरीचा निरोप नदीकाठच्या खालच्या गावांना जातो. वरच्या बाजूला जाळी टाकणाऱ्यांना तो त्याच वेळी मिळावा, अशी जलसंपदा विभागाला विनंती आहे. जलपर्यटनाच्या बोटी चालवणाऱ्यांनाही जाळ्यांच्या खुणा ओळखायला शिकवावे. पांढरा डबा म्हणजे कचरा, असे समजून तो काठावर आणून टाकणारे हौशी लोक आहेत.

मत्स्यव्यवसाय विभाग आणि दोन्ही काठांच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी एकदा एकत्र बसून तालुक्यानुसार डब्याच्या बुचाचे रंग ठरवावेत. बैठक मे महिन्यातच व्हावी. पाऊस लागल्यावर निम्मे लोक धानाच्या रोवणीला जातात, आणि मग कोरम होत नाही.

आपले,
गोसीखुर्द जलाशयावरील काही ढिवर मासेमार,
ता. पवनी, जि. भंडारा