मुलांच्या अहवालाची नक्कल बाहेर जाते कशी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आहे. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलांचे सामाजिक तपासणी अहवाल लिहिण्यात माझी नोकरी गेली. घरी जायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आणि शाळेत चौकशी करायची, मग मुलाजवळ बसायचे. कायद्याने या तपासणीला 15 दिवस दिले आहेत. घरात मार खाल्लेले मूल एवढ्या दिवसांत परक्या बाईशी बोलायला लागते, ते ही गोष्ट बाहेर जाणार नाही या भरवशावर.

हा भरवसा मोडताना मी पाहिला आहे. एका मुलीच्या आईवडिलांचा घटस्फोटाचा दावा चालू होता. तिच्या अहवालाची नक्कल एका बाजूच्या वकिलांच्या हाती आली आणि त्यांनी ती दाव्यात कागदयादीसोबत दाखल केली. काही दिवसांनी त्यातल्या एका पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. मुलगी रात्री अंथरूण ओले करते, हे त्या पानावर होते. तिच्याच शाळेतल्या चुलतभावाने मधल्या सुट्टीत ते सगळ्यांना सांगितले. पुढच्या भेटीत ती समोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, आधी पेन बंद करा." मी टोपण लावले, पेन पर्समध्ये ठेवले. तरी ती बोलली नाही. (तिची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.)

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 99 प्रमाणे समितीपुढचे किंवा बाल न्याय मंडळापुढचे (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे तिथे चालतात) मुलाविषयीचे सर्व अहवाल गोपनीय आहेत. समितीला योग्य वाटल्यास त्यातला सारांश मुलाला, आईवडिलांना किंवा पालकांना कळवता येतो, म्हणजे त्यांना आपली बाजू मांडता येईल. हे रास्तच आहे. आपल्यावर काय आरोप आहे हे आईबापांना कळलेच पाहिजे. पण कायदा सारांश म्हणतो आणि प्रत्यक्षात सगळाच्या सगळा अहवाल झेरॉक्स होऊन जातो.

वकील मंडळींवर माझा राग नाही. अनेकांनी अशा मुलांसाठी फी न घेता वकीलपत्र दाखल केलेले मी पाहिले आहे. अडचण नियमात आहे. वकिलांच्या वर्तनाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे गुप्ततेविषयीचे नियम पक्षकाराच्या विश्वासाभोवती बांधलेले आहेत: त्याने सांगितलेले वकिलाने फोडू नये, त्याच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये. जुन्या साक्ष (पुरावा) अधिनियमाच्या कलम 126 मध्ये हेच तत्त्व होते, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 132 मध्ये आहे. पण वडिलांच्या वकिलाचा पक्षकार वडील असतो, मूल नव्हे. मुलाने मला सांगितलेली गोष्ट त्या वकिलाच्या हाती पडते तेव्हा ती कुणाचीच 'गुप्त गोष्ट' राहत नाही. उलट पक्षकाराच्या फायद्यासाठी ती वापरणे हे त्याला आपले कर्तव्यच वाटते.

म्हणून बार कौन्सिलने स्वतंत्र नियम करावा. मुलाविषयीचा गोपनीय अहवाल ज्या कामासाठी मिळाला त्याच कामात वापरायचा; दुसऱ्या दाव्यात दाखल करायचा तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यायची आणि तो बंद लिफाफ्यातच द्यायचा. पक्षकाराच्या मोबाईलवर तर तो कधीच पाठवायचा नाही. हे मोडणे म्हणजे अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खालचे व्यावसायिक गैरवर्तन, असे त्यात स्पष्ट लिहावे. समित्यांनीही अहवाल कार्यालयात बसून वाचायला द्यावा आणि नकलेऐवजी सारांशच द्यावा.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील छापण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अत्याचारपीडितांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना खटल्यात बजावले की, दूरान्वयानेही ओळख पटेल असे काही प्रसिद्ध करू नये. तरी जिल्हा पानावर नाव वगळून गाव, मुलीची इयत्ता आणि वडिलांचा धंदा छापून येतो. दोन हजार वस्तीच्या गावात तेवढे पुरते. निदान आपल्या बातमीदारांना कलम 74 आणि कलम 99 ही दोन कलमे वाचायला द्यावीत.

आपली,
एक निवृत्त परिविक्षा अधिकारी
(नाव-पत्ता आपल्याकडे कळवला आहे. कृपया माझा जिल्हाही छापू नये. त्यावरून ती मुलगी ओळखू येईल.)