आडव्या बाटलीचे मतदान आणि व्यसनमुक्ती शिबिर : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आपल्या महिलांनी दिलेल्या अर्जाची पडताळणी पार पडली. आता मतदान होईल : आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या पुरतात, पण बचत गटाच्या ताईंनी उन्हातान्हात फिरून त्याहून कितीतरी जास्त जमवल्या. यादीत माहेरचे नाव, पुसट अंगठा, पडताळणीच्या दिवशी बाई रानात, अशा कारणांनी सह्या बाद होतात हे त्या जाणून होत्या. यादीतले एकेक नाव जुळवणाऱ्या माजी मुख्याध्यापिका बाई, झेरॉक्सचा एक रुपयाही न घेणारे दुकानदार आणि प्रत्येक शिबिराला दोन वेळचे जेवण पुरवणारी दूध संस्था यांचे ऋण मोठे आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली सुरू झाले ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर. आपले दातेही आम्ही त्याच पंगतीत बसवतो.

निकाल प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर लागत नाही, यादीतल्या एकूण महिलांवर लागतो. यादीत 1000 महिला असतील तर आडव्या बाटलीला 501 मते हवीतच. 600 जणी आल्या, 450 जणींनी आडवी निवडली, तरी दुकान चालूच राहते. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीलाच मत देते. मागच्या वेळी घात झाला तो इथेच. गाड्या देतो म्हणणाऱ्यांचे फोन त्या सकाळी लागले नाहीत आणि मळ्यातल्या बायका वाट पाहत राहिल्या. याचे शल्य अजून आहे.

दुकान बंद पडले की रोज पिणाऱ्याचे काय, हेही आधीच बघायला हवे. दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसू लागतात. घरच्यांना ते सोंग वाटते, पण त्यात जीव जातो. म्हणून शिबिर मतदानाआधी उभे राहिले पाहिजे. डॉक्टर आधी थायमिनचे (बी-1 जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन देतात, मगच ग्लुकोज. थरकापाच्या गोळ्या रोज कमी करत पाच ते सात दिवसांत थांबवतात. पूर्वी फिट आलेल्याला थेट जिल्हा रुग्णालयात न्यायचे. दारू सोडवण्याची गोळी चहातून चोरून कुणीही देऊ नये. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळतो.

हवे आहे ते : औषधांसाठी रोख रक्कम (घरातल्या उरलेल्या गोळ्या नकोत), दहा गाद्या, रक्तदाबाचे एक यंत्र, रात्रपाळीला दोघे तरुण, मतदानादिवशी सकाळी सातपासून चार गाड्या, डिझेल मंडळाचे. देणगी खजिनदारांकडे, पावती घ्यावी, चेक मंडळाच्या नावे. गाडीवाल्यांनी चालकाचे नाव रविवारपर्यंत कळवावे. तहसीलकडून तारीख येताच फलकावर लागेल. महिलांनी मतदार ओळखपत्र आताच शोधून ठेवावे.

आपला,
सचिव