अक्कलदाढ काढण्याआधी एवढं वाच

म्हापसा,
१२ जुलै

प्रिय अवी,

उजवीकडची खालची अक्कलदाढ काढायचं ठरवलंस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. माझीही तीच दाढ होती रे.

फेब्रुवारीत काढली. रात्रीपर्यंत भूल उतरायला हवी होती, पण दुसऱ्या दिवशीही अर्धा खालचा ओठ आणि हनुवटी बधीरच. आईने पेज दिली. खाता खाता ती म्हणाली, "अरे, हनुवटीवरून ओघळतेय." मला पत्ताच नव्हता. पुढे दोन आठवड्यांनी त्याच बधीर जागी आग सुरू झाली. हेल्मेटचा पट्टा लागला की विजेचा झटका बसायचा. बेतीच्या फेरीबोटीत नुसता वारा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. दाढ काढणारे डॉक्टर "होईल बरं" एवढंच म्हणत राहिले. नसेला धोका असतो हे त्यांनी आधी सांगितलंच नव्हतं, तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या टोकाने हनुवटीवर रेघ ओढली. "वर गेली की खाली?" मला सांगताच येईना. मग बधीर भागाची हद्द त्यांनी पेनाने आखली नि फोटो काढून ठेवला. खालच्या जबड्याच्या हाडातल्या नळीतून ओठ-हनुवटीची नस जाते, माझ्या दाढेची मुळं तिला चिकटलेली होती. नस तुटली नसेल तर सहसा सुधारते. तंतू नव्याने वाढायचे असतील तर मात्र दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. साध्या वेदनाशामक गोळ्या या आगीवर चालल्याच नाहीत. प्रीगाबालिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी थोड्या मात्रेने सुरू केली, आधी गुंगी यायची, आता आग निम्मी आहे. परवा पुन्हा हद्द आखली, ती बोटभर आत सरकलीय! मधेच मुंग्या येतात, तेवढ्यानेही बरं वाटतं.

तू आधी विचार, दाढ काढायलाच हवी का? एक्स-रेत मुळं नळीवर आलेली दिसली तर सीबीसीटी स्कॅनचं, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेचं विचार. मुळं तशीच ठेवून दाढेचा नुसता माथा काढायचीही पद्धत आहे, कॉरोनेक्टमी म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी ओठ किंवा जीभ बधीर राहिली तर त्याच दिवशी फोन कर, माझ्यासारखा थांबू नकोस.

एक्स-रेचा फोटो पाठव. बुधवारी मला बांबोळीला जायचंच आहे, दाखवून येतो.

तुझा,
दामू