लेबर रूममध्ये पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या माझ्या लेकीस

माजलगाव

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

महालक्ष्म्या उठल्या, पाहुणे गेले, भांडीकुंडी जागेवर लागली आणि आज निवांत लिहायला बसले. परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथं सगळ्या म्हणतात की आपण ओरडल्याशिवाय बाळंत होणारी बाई जोर लावत नाही. एखादी चापट द्यावीच लागते." तुझ्या मागं वॉर्डातला गोंधळ चालू होता, त्यामुळं नीट बोलणं झालं नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली. आता तिथं तू उभी आहेस, तर या गोष्टीवर माझं म्हणणं तुला पुरतं कळलं पाहिजे.

जी सिस्टर आधीचे पाच-सहा तास बाईकडं फिरकलेली नसते, तिलाच शेवटी ओरडावं लागतं. कळा सुरू झाल्यापासून जिच्या कंबरेवर तुझा हात फिरलाय, जिला तुझा आवाज ओळखीचा झालाय, ती तुझं हळू बोललेलंही ऐकते. टेबलावर एकटी पडून छताकडं बघणाऱ्या पोरीपुढं तू ऐनवेळी येऊन "जोर लाव, जोर लाव" केलंस, तर ती तुझ्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवील? अठरा-एकोणीस वर्षांची पोर असते, पहिलटकरीण. "सिस्टर, मही कंबर तुटायली, मला जमना वं," म्हणून रडते. तिला मारलं तर ती मांड्या आवळून घेते, श्वास अडवते, आणि खाली येणारं डोकं तिथंच थांबतं. चापट म्हणजे मारहाणच. ती दवाखान्यात झाली म्हणून तिला उपचार म्हणायचं कारण नाही.

तू फिजिऑलॉजीत शिकलीच आहेस की भीतीनं ॲड्रेनालिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं. आपल्याकडच्या जुन्या सुईणींना हे नाव माहीत नव्हतं, पण भ्यालेल्या बाईच्या कळा मागं जातात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २०१७ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २६ अभ्यास एकत्र पाहिले गेले, १५ हजारांहून जास्त बायांचे. बाळंतपणात जिच्याजवळ कोणीतरी सतत होतं, तिची नैसर्गिक प्रसूती जास्त वेळा झाली, सिझर कमी लागलं, कळांचा वेळही कमी झाला. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारनं लेबर रूम सुधारायला 'लक्ष्य' कार्यक्रम काढला, त्यात बाईसोबत तिच्या पसंतीची सोबतीण असावी हे आलं. म्हणून तिची आई, मोठी बहीण किंवा जाऊ, जी स्वतः बाळंत झालेली आहे, तिला आत घे. फक्त तिला काम सांग. कंबर चोळ, घोट-घोट पाणी पाज, कळ आली की हात धर. काम नसलेला माणूस घाबरतो आणि दुसऱ्यालाही घाबरवतो.

जवळ थांबलीस की हाताला सगळं कळायला लागतं. पोटावर पूर्ण तळहात टेकव, नुसती बोटांची टोकं नको, आणि घड्याळ धरून १० मिनिटं बैस. कळा किती आल्या, एकेक किती सेकंद टिकली. चांगल्या चालू झालेल्या बाळंतपणात १० मिनिटांत तीन ते पाच कळा येतात. पाचाहून जास्त यायला लागल्या तर गर्भाशयाच्या पिशवीला मधे विसावा मिळत नाही आणि बाळाला प्राणवायू कमी पडतो. अशा वेळी सलाईनमधून ऑक्सिटोसिन चालू असेल तर आधी ते बंद कर, तिला डाव्या कुशीवर घे आणि डॉक्टरांना बोलव. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला, पूर्ण एक मिनिट ऐक, आणि कळ ओसरल्यावर लगेच ऐक. एरवी ११० ते १६० असतात. कळ गेल्यावरही जे ठोके खालीच राहतात, ते काहीतरी सांगत असतात. डोकं खाली उतरून जोर सुरू झाला की दर पाच मिनिटांनी ऐकायचं.

दर दोन तासांनी लघवीला पाठव. साधी गोष्ट आहे म्हणून सगळ्या विसरतात. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं अडवतं आणि बाळंत झाल्यावर पिशवी आवळू देत नाही. चालू दे तिला, खिडकीला धरून उभी राहू दे, कुशीवर झोपू दे. पाणी, चहा, पातळ लापशी चालते, डॉक्टरांनी मनाई केली असेल तरच बंद. आपल्याकडं मे महिन्यात वॉर्डातल्या भिंतीसुद्धा तापतात, आणि घरच्या बाया "उलटी होईल" म्हणून पोरीला सकाळपासून तहानलेली ठेवतात. ओठ सुकलेत का ते तू बघ.

आतून तपासताना आधी सांग, विचार, पडदा ओढ, मगच हात लाव. चार तासांनी एकदा पुरे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं तपासलं तर जंतुसंसर्ग आपणच आत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ पासून खऱ्या कळांची सुरुवात पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरली आहे. त्याच्या आतल्या बाईचं बाळंतपण "पुढं सरकत नाही" म्हणून घाई करू नकोस.

आणि लिही. लगेच लिही. बाई मोकळी झाल्यावर मागून पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढं सरकतं त्याचा आलेख, रंगवायची खोड मी खूप ठिकाणी पाहिली आहे, तिची मला मनापासून चीड आहे. १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात त्या आलेखावर सावध करणारी आणि कृतीची अशा दोन रेघा आखल्या. मोठ्या दवाखान्यापासून लांब, एकट्यानं काम करणाऱ्या सुईणींना बाई वेळेत पुढं पाठवता यावी म्हणून. त्या सुईणी आणि तुझ्या दवाखान्यातली तू, तुमची गरज सारखीच आहे. अंबाजोगाईच्या किंवा घाटीच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत रस्त्यात जो वेळ जातो, तो तुला त्या रेघेच्या अलीकडंच मिळवायचा असतो. २०२० मध्ये आलेल्या नव्या तक्त्यात तर सोबत कोण आहे, तोंडानं काही घेतलं का, वेदना कमी व्हायला काय केलं, बाई उभी, बसलेली की झोपलेली आहे, हेही भरायचं असतं. मला ते फार पटलं.

नातेवाईक तुझ्या मागं लागतील, "एक सुई मारा अन् मोकळी करा." कळांचं इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन, बाळ पोटात असताना दंडात किंवा कुल्ल्यात कधीच द्यायचं नाही. दिलेलं परत काढता येत नाही, पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. द्यायचंच तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, सलाईनमधून, थेंब मोजून आणि तू जवळ बसून. तसंच पोटावर चढून वरून दाबणं. कोणी कितीही अनुभवी असो, तुझ्यासमोर तसं करायला लागलं तर मधे पड. "मॅडम, असं नाही करायचं, मी कुशीवर घेऊन बघते," एवढं मान ठेवून सांगता येतं. बाळाला वाट करायला प्रत्येकीला खाली कात्री लावायची तर मुळीच गरज नसते. डोकं दिसायला लागलं की एका हातानं खालची जागा सांभाळ आणि तिला म्हण, "आता जोर नको माय, तोंड उघडून हू-हू कर." डोकं सावकाश आलं की टाके वाचतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळ रडलं, आजीनं हात जोडले, मावशी फडकी गोळा करायला लागल्या की लेबर रूममधली सगळी माणसं सैल होतात. तू मात्र तेव्हाच सावध राहा. बाळंतीण जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, यानंतर जाणारं रक्त. बाळ आईच्या उघड्या छातीवर पुसून ठेव, वरून कोरडं कापड घाल, पोटात दुसरं बाळ नाही ना हे हातानं बघ, आणि एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत दे. नाळ एक ते तीन मिनिटांनी बांध, तेवढ्यात बाळाकडं त्याचं रक्त जातं. बाळ रडलंच नाही तर मात्र थांबायचं नाही, पहिल्या मिनिटातच श्वास सुरू करून द्यायला लागायचं.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ड्युटीवर गेलीस की आधी फ्रीज उघडून थर्मामीटर बघ. रात्री लाइट गेली होती का, हे शिपायाला विचार. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ट्रेमध्ये दिवसभर पडलेलं अँप्युल दिसायला जसंच्या तसं असतं, पण बाईच्या पिशवीवर त्याचा जोर उरलेला नसतो. ते तुला रक्त वाहायला लागल्यावर कळणार.

वार पडली की ती पसरून बघ, तुकडा आत राहिला नाही ना. मग बेंबीजवळ हात ठेव. पिशवी नारळासारखी टणक लागली पाहिजे. मऊ, पसरट लागली की चोळायला सुरुवात कर आणि दुसऱ्या हातानं घंटी वाजव. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, पिशवी आणि खालचं फडकं बघायचं. फडकं नुसतं वरून बघू नकोस, तिच्या कंबरेखाली हात घालून बघ, रक्त पाठीमागं साचतं आणि चादर पुढून कोरडी दिसते. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमीच निघतो. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तान्झानियातल्या ई-मोटिव्ह अभ्यासात बाईखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं, आणि जास्त दिसताच चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू केलं. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारं नुकसान ६० टक्क्यांनी कमी झालं. तुमच्याकडं तसली प्लास्टिकची पिशवी नसेल तर स्वच्छ भांडं ठेव आणि फडकी वजन करून बघ. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत गेलं तरच उपयोगाचं. आपल्याकडच्या कित्येक बायांचं हिमोग्लोबिन आधीच सात-आठ असतं. पुस्तकात ५०० मिली रक्त गेल्यावर धोका लिहिलंय म्हणून वाट बघत बसू नकोस, हिला तीनशेमध्येच घेरी येईल.

रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या पेशंटबद्दल तू विचारलं होतंस. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, आणि वरचा रक्तदाब १६० किंवा खालचा ११० च्या पुढं, हे दिसलं की झटका यायची वाट बघायची नाही. पुढं पाठवायच्या आधी मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, झटक्यांवरचं औषध) दोन्ही कुल्ल्यांत खोल, ५-५ ग्रॅम. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतं, म्हणजे एकेका बाजूला पाच अँप्युल. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहे का, लघवी तासाला ३० मिली होते का. मॅगसल्फ जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी तयार असू दे. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत मोठ्या दवाखान्यात फोन करून सांग, चिठ्ठीवर काय दिलं आणि किती वाजता दिलं ते लिही.

मुलगी झाली की तुमच्याकडंही काही सासवा तोंड फिरवतात, असं तू म्हणालीस. तू तोंड फिरवू नकोस. "मुलगीच झाली" असं तर तुझ्या तोंडून चुकूनही जायला नको. वजन सांग, छातीला लाव, पहिल्या तासाच्या आत दूध पाज आणि त्या आईचं तिच्या नावानं कौतुक कर.

दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतील. आपल्या भागातल्या कित्येक बाया सातव्या-आठव्या महिन्यात कोयत्यावर जातात, सांगलीकडं, कोल्हापूरकडं, कर्नाटकात. पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे थंडीत फडात उतरायचं, मोळ्या उचलायच्या. त्यांना कामाला जाऊ नका म्हणून सांगणं सोपं आहे, पण उचल घेतलेली असते, त्यांचा हात दगडाखाली असतो. म्हणून आत्ताच्या तपासण्यांना येतील तेव्हा रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब ठळक अक्षरांत कार्डावर लिही आणि कार्डाची झेरॉक्स नवऱ्याच्या खिशात दे. कुठं जाणार, मुकादमाचा नंबर काय, हे आशाताईच्या वहीत नोंदवायला सांग. अंगावरून रक्त जाणं, पाणमोट फुटणं, डोकं ठणकणं, यातलं काही झालं तर १०८ लावायचं आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं, हे नवऱ्यालाही समोर बसवून सांग. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, रक्त, गाडी फुकट आहे, २०११ पासून तो त्यांचा हक्क आहे. त्यांना हे दुसऱ्या गावात गेल्यावर कोणी सांगत नाही.

डब्यात शेंगदाण्याचे लाडू पाठवते आहे, रात्रपाळीला खा. पायात ते घसरणारे सँडल घालू नकोस, पगार झाला की मागून पट्टा असलेले घे. आणि शनिवारी फोन करशील तेव्हा मला मॅगसल्फचा डोस कागद न बघता म्हणून दाखव, तीन तपासण्यांसकट.

तुझी,
आई